घरात कोण रडून राहिलं?

पिस्तुलाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की शैलामावशी त्याला आधी पिस्तूल दाखवत नसत. काचेच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेच्या पिशवीत तशाच ठेवून, चष्मा नाकावर खाली ओढून त्या विचारत, "घरात सध्या कोण रडून राहिलं?" गोऱ्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत आणि आपल्या माणसाला मराठीत, पण प्रश्न हाच. गोरी माणसं गोंधळून हसत. आपली माणसं चिडत. मीही चिडलो होतो.

"कोणी नाही," मी म्हणालो. "सगळे मजेत आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"बरं बाप्पा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला उगाच खिशातला फोन काढून बघावासा वाटला. राग आला तो याचा. मी काय कॉलेजातला पोरगा होतो? अठरा वर्षं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये राहिलेला, नागरिकत्व घेतलेला, एका डेटा सेंटरची अख्खी रात्रपाळी-दिवसपाळी सांभाळणारा माणूस. तीन आठवडे व्हिडिओ बघून, पिस्तुलांची वजनं, लांबी आणि गोळ्यांचे वेग एका तक्त्यात मांडून, फॉर्टी-फाइव्ह कॅलिबरचं, म्हणजे मोठ्या गोळीचं पिस्तूल नक्की करून मी तिथे गेलो होतो. मला माल हवा होता, चौकशी नको होती.

एवढी तयारी कशासाठी, तर आमच्याच गल्लीतल्या अभय सान्याच्या घरी चोरी झाली. मंडळाचा गणपती, भर दुपारची आरती, अख्खं मराठी अ‍ॅशबर्न हॉलमध्ये टाळ्या वाजवत उभं, आणि तिकडे मागचं काचेचं दार फोडून सान्यांचं सगळं सोनं गेलं. अभयच्या आईच्या पाटल्यासुद्धा गेल्या. दोन दिवस ग्रुपवर सोन्याचं सुतक पाळलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी कॅलिबर सुरू झालं. ज्यांनी जन्मात उंदराच्या पिंजऱ्यापलीकडे हत्यार हाताळलं नाही, ते एकमेकांना गोळीची 'स्टॉपिंग पॉवर' समजावून सांगू लागले. गाडी घेताना, टीव्ही घेताना जे वाक्य आम्ही म्हणतो तेच इथेही आलं: घ्यायचं तर मोठंच घ्यावं. कोणीतरी लिहिलं, नाइन एमएमचं छोटं पिस्तूल बायकांसाठी असतं. त्यावर आठ अंगठे पडले. त्यातला एक माझा होता, हे लिहून टाकतो म्हणजे पुढे सोपं जाईल.

शैला वानखडे तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, पाठ ताठ, केस अगदी बारीक कापलेले, अंगात बाराही महिने सुती कुडता आणि पायात दणकट बूट. विदर्भातल्या एका सरकारी काडतुसांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. पट्ट्यावरून काडतुसं येत आणि मावशी त्यातलं वाकडं, चेपलेलं, फुगलेलं वेचून बाजूला टाकत. नवरा गेल्यावर मुलाने इकडे बोलावून घेतलं. मुलाकडे दोन वर्षं राहून त्या लीसबर्गला एका छोट्या घरात एकट्या राहायला गेल्या. सुनेशी पटलं नाही असं लोक म्हणत. मावशी म्हणत, "पटते ना. दूर राहते म्हणून पटते." तिथून जवळच हायवेला लागून वेन नावाच्या म्हाताऱ्या गोऱ्याचं पिस्तुलांचं दुकान होतं. एकदा त्या सहज आत शिरल्या, काउंटरवरच्या डब्यातली तीन काडतुसं वेचून बाजूला ठेवली आणि "ही विकू नका" म्हणाल्या. वेनने त्यांना दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं.

आमच्या मंडळात त्यांना 'बंदूकवाली मावशी' म्हणत. दर रविवारी पिस्तूल लपवून बाळगायच्या परमिटचा वर्ग त्या घेत, आणि मंडळातल्या निम्म्या पुरुषांनी तो त्यांच्याकडेच केला. पण संक्रांतीला, चैत्रात, हळदीकुंकवाला त्यांना एकही बाई बोलवत नसे. विधवा म्हणून नाही, आपण आता सुधारलो आहोत. त्यांच्या हाताला दारूचा वास येतो म्हणून. बंदुकीच्या दारूचा.

तर त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला पिस्तूल शेवटी दाखवलं. रिकामं करून, स्वतः दोनदा बघून, मला बघायला लावून. फॉर्टी-फाइव्ह हातात घेतल्यावर मला बरं वाटलं. जड, थंड, गंभीर वस्तू.

"लपवून बाळगणार?" मावशींनी विचारलं.

"परमिट काढणार आहे."

"मंडळाच्या कार्यक्रमाला पण नेशील?"

"तिथेच तर गरज आहे. घर रिकामं, बायका दागिने घालून…"

मावशी आत गेल्या आणि एक झब्बा घेऊन आल्या. दुकानात झब्बा! आपल्या लोकांसाठी त्यांनी तो मुद्दाम आणून ठेवला होता. रिकामं पिस्तूल माझ्या कमरेला लावून त्यांनी तो मला शर्टावरूनच घालायला लावला. "आता बस. मांडी घालून. पूजेला बसतो तसा." मी बसलो. दस्ता बरगडीत रुतला. "वाक. पंगतीत वरण वाढून राहिला तू." मी वाकलो तर झब्ब्याच्या पाठीवर पिस्तुलाचा अख्खा ठसा उठला. वेन आणि दुसरी दोन गिऱ्हाइकं बघत होती. "आता हात वर कर, आरतीची टाळी वाजव." टाळी वाजवली आणि झब्बा वर सरकून सगळा कारभार उघडा पडला.

"मोठं भोक पाडते म्हणून नेम लागते का?" मावशी म्हणाल्या. "मोठी गोळी, मोठा धक्का. पहिली कुठे गेली ते कळेपर्यंत दुसरीचा टाइम निघून जाते. हातात मावते ते घ्यावं. मनात मावते ते घेऊ नये."

"मला हेच हवंय," मी म्हणालो. कान तापले होते.

"मग शनिवारी सकाळी मी तुझ्या घरी येते. घर पाहून मग विकते. माझा नियम आहे."

हा नियम वेनच्या दुकानाचा नव्हता. मावशींचा होता. तो कुठून आला ते त्यांनी मला पुढे कधीतरी, अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका माणसाला पिस्तूल विकलं. गोड बोलणारा माणूस, दाराशी जाऊन परत आला आणि थँक यू म्हणून गेला. तीन आठवड्यांनी त्याची विधवा पिस्तूल अडकवायचं होल्स्टर परत करायला आली. "वापरलं नाही म्हणाली. डबीसकट आणलं होतं. मी घेतलं परत. काय विचारणार तिला? विचारायचं ते आधी विचारायचं होतं." कारखान्यात वाकडं काडतूस डोळ्यांना दिसायचं, माणसाचं तसं दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

शनिवारी मावशी आल्या त्या टिकल्यांचं पाकीट घेऊन. लाल, मोठ्या, आपल्या बायका लावतात त्या. माझी बायको केतकी चहा टाकत होती, तिला वाटलं भेट आणली. मावशींनी मला आमच्या बेडरूममध्ये नेलं आणि चोर आला तर तू कुठे उभा राहशील ते दाखव म्हणाल्या. मी पलंगाआड उभा राहिलो. दार समोर. त्यांनी माझ्या खांद्याशेजारून बोट धरलं, सरळ रेषेत चालत गेल्या आणि दाराच्या चौकटीला एक टिकली लावली. मग बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीला. मग त्या भिंतीवर त्यांनी बोटाने टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"भिंत म्हणता तुम्ही याला? पुठ्ठा आहे."

मग त्या पलीकडे माझ्या मुलीच्या, रियाच्या खोलीत गेल्या आणि तिसरी टिकली भिंतीच्या तिकडच्या बाजूला, चौथी तिच्या पलंगाच्या उशाला लावली. रिया कानातले इअरफोन काढून म्हणाली, "बाबा, व्हॉट इज शी डुइंग?"

"तुझ्या बाबाच्या गोळीचा रस्ता आखून राहिली," मावशी म्हणाल्या. रियाला मराठी कळतं. तिने माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून गेलेली नाही.

दुसरी रेषा माझ्या वडिलांच्या खोलीत गेली. अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. पुण्यात पस्तीस वर्षं गणित शिकवलेले, शब्दाला पक्के, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं त्याला दीड वर्ष झालं होतं. आल्यावर सुरुवातीला चालायला जायचे, मग गुडघे दुखतात म्हणून ते बंद केलं. दाढी पाहुणे येणार असतील तेव्हाच. पण त्रास म्हणून कसला नाही. आपली कपबशी आपण धुणार, पांघरुणाची घडी आपण घालणार, आणि कोणी विचारलं की म्हणणार, "मजेत." या शब्दाचा मला आता मनापासून संताप येतो. आमच्या मंडळात दोनशे माणसं आहेत आणि दोनशेच्या दोनशे मजेत असतात.

मावशी पाचवी टिकली हातात घेऊन अण्णांच्या खोलीत गेल्या आणि तासभर बाहेर आल्याच नाहीत. चहा निवला. केतकीने दुसऱ्यांदा केला, तोही निवला. बाहेर आल्या तेव्हा टिकली त्यांच्या बोटाला तशीच चिकटलेली होती. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

"मिलिंद, मी तुला विकणार नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या घरात रडणारं माणूस आहे. वडील तुझे."

"अण्णा? अण्णा आयुष्यात रडले नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा नाही."

"तेच ना. घड्याळ कोणाला दिलं त्यांनी?"

"रियाला. तिला आवडतं म्हणून."

"पुस्तकं?"

"पुण्याच्या शाळेला. मागच्या महिन्यात पार्सल केली. कागदपत्रं कुठे आहेत ते केतकीला वहीत लिहून दिलंय. मावशी, ते पहिल्यापासून व्यवस्थित आहेत."

"व्यवस्थित नाही रे. आवराआवर करून राहिले ते."

मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी ओरडलो. माझ्या वडिलांबद्दल बोलायचा तुम्हाला काय अधिकार, तुम्ही डॉक्टर आहात का, कारखान्यातल्या बाईने माणसांची पारख शिकवू नये, सगळं बोललो. शेजारचा गोरा गवत कापायचं यंत्र थांबवून बघत होता. आणि मग मी म्हणालो, "म्हणूनच तुम्हाला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. घरात पाऊल टाकताच मरणाच्या गोष्टी!"

मावशींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गाडीचं दार उघडून त्या म्हणाल्या, "राग आला ना? येऊ दे. चांगला आहे राग. पण राग येते तेव्हा हात रिकामा असावा." आणि गेल्या. टिकल्या मी त्याच दुपारी नखांनी खरवडून काढल्या.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका दुकानात जाऊन मी तेच फॉर्टी-फाइव्ह घेतलं. अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. फॉर्मवर माझ्याबद्दल सगळे प्रश्न होते: तुरुंगात गेला होतात का, नशा करता का, देश कुठला. घराबद्दल एकही नव्हता. विकणारा पोऱ्या म्हणाला, "गुड चॉइस, सर." मला फार बरं वाटलं. मूर्खाला बरं वाटायला तेवढं पुरतं.

पिस्तूल मी आमच्या कपाटात एका लोखंडी पेटीत ठेवलं. चार आकडी कुलूप. आकडा कोणता ठेवला? आमच्या पुण्याच्या जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे. आमच्या घरात गॅरेजला तोच आकडा आहे, टॅबलेटला तोच, केतकीच्या बॅगेला तोच. मी पहिल्यांदा अमेरिकेला निघालो तेव्हा माझ्या सुटकेसला तो आकडा अण्णांनी स्वतः लावून दिला होता, "विसरणार नाहीस" म्हणून. मी विसरलो नाही. ते तरी कसे विसरतील, एवढा साधा विचार करायला मला मात्र जमलं नाही. रोज हजारो मशिन्सचे पासवर्ड बदलायला लावतो मी लोकांना!

मार्चमधला मंगळवार, सकाळचे अकरा. आमच्या डेटा सेंटरच्या आतल्या भागात फोन नेता येत नाही. बाहेर आलो तर लॉकरमधल्या फोनवर मावशींचे तीन कॉल. भांडणाला पाच महिने होऊन गेले होते. मी कपाळाला आठ्या घालूनच फोन लावला.

"मिलिंद, मी तुझ्या घरी आहे," त्या म्हणाल्या. "अण्णा ठीक आहेत. तुझं पिस्तूल माझ्यापाशी आहे. गाडी हळू चालव."

घरी आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघं बसले होते. मध्ये पुसायच्या फडक्यावर ते पिस्तूल, स्लाइड मागे ओढलेली, पोट रिकामं. काडतुसं आमच्या स्टीलच्या वाटीत, केतकी ज्या वाटीत मोहरी काढते त्या. मावशींनी पोहे केले होते आणि अण्णांच्या बशीतले अर्धे संपले होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

झालं होतं ते असं. त्या शनिवारी, तासाभराच्या बोलण्यात, मावशींनी माझ्या बापाला सरळ विचारलं होतं, "अण्णा, मरावंसं वाटते का?" आणि माझ्या बापाने, ज्याने मला कधी झोप लागत नाही हेसुद्धा धड सांगितलं नाही, एका परक्या बाईला "हो" म्हटलं होतं. तेव्हा मावशींनी एका कागदावर आपला नंबर लिहून दिला आणि त्यांच्याकडून शब्द घेतला: काहीही करायच्या आधी मला फोन करायचा. नंतरही दर मंगळवारी, आम्ही कामावर गेलो की, मी ज्या बाईला घराबाहेर काढलं होतं ती अण्णांना फोन करत होती. डॉक्टरकडे चला म्हणत होती, अण्णा पुढच्या आठवड्यावर ढकलत होते. पिस्तूल मी दुसरीकडून घेतलंय हे अण्णांनी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्या सकाळी कपाटात गरम पाण्याची पिशवी शोधताना त्यांना पेटी दिसली. चार आकडे त्यांनी फिरवले. पेटी उघडली.

"शब्द दिला होता," अण्णा टेबलाकडे बघत म्हणाले. "म्हणून फोन केला."

मावशी बारा मिनिटांत पोहोचल्या होत्या. फोन त्यांनी ठेवू दिला नव्हता, वाटभर त्या अण्णांना पावकी-दीडकी म्हणायला लावत होत्या. आत शिरल्यावर त्यांनी ना रडारड केली ना उपदेश. टेबलावरचं पिस्तूल उचललं आणि शिकवावं तसं मोठ्याने बोलत गोळ्यांची डबी काढली, नळीतली गोळी पाडली, "आधी मॅगझिन. मग चेंबर. मग बोलणं." मग विचारलं, "पोहे कुठे ठेवते सून?"

हे ऐकल्यावर मला काय वाटलं असेल? दुःख? नाही. खरं सांगतो, मला अण्णांचा राग आला. "अण्णा, हे काय! आम्ही काय कमी केलं तुमच्यासाठी?" मी ओरडलो. अण्णांची मान आणखी खाली गेली.

"ए!" मावशी म्हणाल्या. "ओरडायचं असेल तर गॅरेजमध्ये जा आणि गाडीवर ओरड. इथे नाही."

मी गेलो. कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली, पाय दुखावला. परत आलो तेव्हा मावशी अण्णांना आणखी पोहे वाढत होत्या आणि अण्णा त्यांना मीठ कमी पडलंय म्हणून सांगत होते. दुपारी त्यांनीच आम्हाला डॉक्टरकडे नेलं. पुढे औषधं झाली, दर बुधवारी बोलायला एक बाई मिळाली. पिस्तूल वेनच्या तिजोरीत गेलं ते गेलंच. मी माफी मागायला गेलो तर मावशी म्हणाल्या, "माफी राहू दे. अण्णांना चालायला ने. गुडघे चांगले आहेत त्यांचे, मी पाह्यले."

अण्णा हळूहळू परत आले. घड्याळ त्यांनी रियाकडून मागून घेतलं. मी मात्र तसाच होतो. मंडळात कोणी अण्णांबद्दल विचारलं की मी म्हणायचो, "मजेत."

दीड वर्षाने मावशी गेल्या. पोटात गाठ निघाली आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. शेवटच्या दिवसांत अण्णा रोज त्यांच्याकडे जाऊन बसत. मुलगा आणि सून दोघांनी त्यांचं फार केलं हे इथे सांगायलाच हवं, कारण त्यांच्याबद्दलही लोक वाटेल ते बोलत.

मंडळाने भाड्याच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. ज्या बायकांनी त्यांच्या कपाळाला कधी बोट लावलं नाही त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मावशी म्हणे हसतमुख होत्या. मी त्यांना पाच-सहा वर्षांत दोनदा हसताना पाहिलं असेल! मावशी म्हणे 'डॅशिंग' होत्या, 'कम्युनिटीचा प्राइड' होत्या. अभय साने उठून म्हणाला, "मावशींनी मलाही पिस्तूल विकायला नकार दिला होता बरं का. म्हणाल्या, घरात कोण रडतंय? मी म्हटलं, मावशी, तुमच्या किमती बघून मीच रडतोय!" हॉल हसला. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. उठून काही बोलावं एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

माझ्या शेजारून अण्णा उठले. माइक त्यांनी घेतला नाही.

"मी मिलिंदचा वडील," ते म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "गेल्या वर्षी मार्चमध्ये मी मरायला बसलो होतो. पिस्तूल घरातच होतं. मला मरावंसं वाटतं हे माझ्या मुलाला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. या बाईला माहीत होतं, कारण तिने मला विचारलं होतं. तुम्ही दोनशे जण मला दर महिन्याला भेटत होतात. एकानेही विचारलं नाही. मी तुमच्यावर रागावलेलो आहे. एवढंच."

आणि मी? मी त्यांची बाही ओढली. होय, खाली बसा म्हणून बाही ओढली, कारण लोक बघत होते. ज्या बाईमुळे बाप जिवंत आहे तिच्या शोकसभेत मला लोकांची लाज वाटली. हे मी लिहितोय ते त्या बाहीसाठी.

अध्यक्षांनी घाईघाईने चहाची सूचना केली. लोक अण्णांना वळसा घालून चहाकडे गेले. केतकी, अण्णा आणि मी बाहेर पार्किंगमध्ये आलो तर आमच्या गाडीपाशी अभय उभा होता. तोंड उतरलेलं, झब्ब्याची कड मुठीत.

"सॉरी यार," तो मला म्हणाला. "मला माहीत नव्हतं." मग मुलीचं सांगू लागला, "पिहू कॉलेज सोडून घरी आलीय. तीन महिने झाले. खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही सगळ्यांना सांगतो, ऑनलाइन कोर्स करतेय."

"तुझं ते कुठे असतं?" मी विचारलं.

त्याने झब्बा किंचित वर केला. फॉर्टी-फाइव्ह. शोकसभेला तो ते कमरेला लावून आला होता.

"आणि घरी असतोस तेव्हा?"

"ड्रॉवरमध्ये."

मी काही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. त्यांनी आमच्या गाडीची डिकी उघडायला लावली आणि अभयच्या दंडाला धरून त्याला तिथे आणलं.

"इथे, नळीचं तोंड खाली करून," ते म्हणाले. "आधी मॅगझिन."

अभयने मॅगझिन काढलं.

"मग चेंबर."

एक काडतूस डिकीतल्या सतरंजीवर पडलं. अण्णांनी ते उचलून खिशात टाकलं आणि पिस्तूल वेनच्या दुकानात नेऊन ठेवायला मला सांगितलं, इथून सरळ, वाटेत कुठे न थांबता. मग डिकी बंद करून ते अभयकडे वळले.

"आता बोल. घरात कोण रडून राहिलं?"

अभय फुटपाथच्या कडेला मटकन बसला. अण्णा गाडीला हात टेकून त्याच्या शेजारी खाली बसले.

"सगळेच, अण्णा," तो म्हणाला.